आश्रय आणि अधिकार : हाब्सबुर्ग राजवटीतील हंगेरी आणि जर्मनीचे यहुदी



आजच्या व्याख्यानाचा विषय ऐकून आपल्यापैकी काहींना आश्चर्य वाटले असेल. हंगेरी देश कोठे, आपण बेने इस्राएल कोठे, आणि तीनशे वर्षांपूर्वीच्या तिथल्या राजकारणाशी आपले काय देणे-घेणे, असा प्रश्न मनात येणे स्वाभाविक आहे. मी नोकरीनिमित्त गेली काही वर्षे जर्मनीत राहतो. ऱ्हाईन नदीच्या परिसरातील वर्म्स, हायडेलबर्ग, फ्रांकफुर्ट या गावांतून माझे जाणे-येणे असते. हंगेरीवर परक्या घराण्याचे राज्य बसले, त्या कथेत या जर्मन गावांतील यहुद्यांचा मोठा वाटा आहे. त्या वाट्यातून एक प्रश्न उभा राहतो आणि तो जगात जेथे जेथे आपली माणसे राहतात तेथे तेथे लागू पडतो. राजा आपल्याला आश्रय देतो तो कशासाठी, आणि तो आश्रय किती काळ टिकतो?

प्रथम हंगेरीची हकीकत थोडक्यात सांगतो. १५२६ मध्ये मोहाच येथील लढाईत तुर्कांच्या सुलतान सुलेमानाने हंगेरीच्या सैन्याचा पूर्ण पराभव केला. तरुण राजा लायोश त्या लढाईत मरण पावला. त्याला मूल नव्हते. त्याच्या बहिणीचा पती ऑस्ट्रियाचा फर्डिनंड, म्हणजे हाब्सबुर्ग घराण्याचा राजपुत्र, याने गादीवर हक्क सांगितला. दुसऱ्या बाजूस हंगेरीच्या बऱ्याच सरदारांनी आपल्यातलाच यानोश झापोल्याई हा राजा निवडला. १५४१ मध्ये सुलतानाने राजधानी बुडा आपल्या ताब्यात घेतली आणि देशाचे तीन तुकडे झाले. पश्चिम व उत्तरेची पट्टी हाब्सबुर्गांकडे, मधला सपाट मुलूख तुर्कांकडे आणि पूर्वेकडील ट्रान्सिल्व्हेनिया सुलतानाच्या मांडलिक राजपुत्राकडे. मोगल, आदिलशाही आणि मराठे यांच्या ओढाताणीत दक्षिणेतील गावांना दोन-दोन ठिकाणी महसूल भरावा लागे, हे आपण शाळेत वाचले आहे. हंगेरीतील शेतकऱ्याचीही तीच गत होती. सीमेजवळच्या कित्येक गावांना तुर्कांचाही कर द्यावा लागे आणि हंगेरियन जमीनदाराचाही.

हाब्सबुर्ग हे जर्मन भाषा बोलणारे घराणे. त्यांचा दरबार व्हिएन्नात असे आणि बहुतेक काळ जर्मन साम्राज्याचा मुकुटही त्यांच्याकडेच असे. त्यामुळे हंगेरीचा राजा आणि जर्मनीचा सम्राट हे एकाच माणसाचे दोन अधिकार झाले. यहुद्यांच्या बाबतीत या गोष्टीला विशेष महत्त्व आहे. कारण जर्मन साम्राज्यात यहुद्यांचे कायदेशीर स्थान फार पूर्वीच ठरून गेलेले होते. १२३६ मध्ये सम्राट फ्रेडरिक दुसरा याने जर्मनीतील सर्व यहुद्यांना आपल्या खजिन्याचे दास म्हणून घोषित केले. त्याचा हेतू वरकरणी संरक्षणाचा होता. यहुद्याला मारणे म्हणजे सम्राटाच्या मालमत्तेचे नुकसान करणे, असा त्याचा अर्थ. परंतु मालमत्तेला मालक असतो, आणि मालकाला ती गहाण टाकता येते, विकता येते, वसूलही करता येते.

याचे सर्वांत दुःखद उदाहरण वर्म्सच्या जुन्या दफनभूमीत आजही पाहावयास मिळते. रब्बी मेइर बेन बारूख, ज्यांना महाराम म्हणतात, ते त्या काळातील जर्मनीचे सर्वश्रेष्ठ धर्मपंडित. करांच्या जाचाला कंटाळून अनेक यहुदी देश सोडू लागले, तेव्हा तेही निघाले. १२८६ मध्ये त्यांना वाटेत पकडून राजा रुडोल्फ याच्या स्वाधीन करण्यात आले. हा रुडोल्फ म्हणजे जर्मनीच्या गादीवर बसलेला पहिला हाब्सबुर्ग. खजिन्याच्या दासांनी देश सोडून जाणे म्हणजे राजाचे उत्पन्न पळून जाणे, असा त्याचा हिशेब होता. यहुदी समाज मोठी रक्कम भरावयास तयार होता. पण असे पैसे दिले तर पुढचे राजेही रब्बींना पकडून पैसे उकळतील, म्हणून महारामांनी ती सुटका नाकारली, अशी परंपरा सांगते. १२९३ मध्ये ते कैदेतच मरण पावले. त्यांचे शव मिळावयास आणखी चौदा वर्षे लागली. अलेक्झांडर विम्पफेन नावाच्या एका गृहस्थाने स्वतःचे द्रव्य खर्च करून ते सोडवले आणि मोबदल्यात एवढेच मागितले की, मला माझ्या मृत्यूनंतर त्यांच्या शेजारी पुरावे. वर्म्समध्ये ते दोन दगड आज शेजारी शेजारी उभे आहेत.

आता पुढे जाऊन सतराव्या शतकात येऊ. १६७० मध्ये सम्राट लिओपोल्ड पहिला याने व्हिएन्नातील सर्व यहुद्यांना हद्दपार केले. त्यांच्या सिनेगॉगच्या जागी चर्च उभे राहिले आणि त्या वस्तीला सम्राटाच्याच नावावरून लिओपोल्डश्टाट असे नाव मिळाले. ही हद्दपार कुटुंबे कोठे गेली? काही जर्मनीत गेली. ब्रान्डेनबुर्गच्या अधिपतीने १६७१ मध्ये व्हिएन्नाच्या पन्नास यहुदी कुटुंबांना आपल्या राज्यात राहण्याची परवानगी दिली आणि बर्लिनच्या नव्या यहुदी केहिलाचा पाया तेथे पडला. काही कुटुंबे हंगेरीच्या पश्चिम सीमेवर एस्टरहाझी नावाच्या मोठ्या सरदाराच्या जहागिरीत गेली. तेथे आयझेनश्टाट, मात्तर्सडोर्फ, लाकेनबाख यांसारख्या गावांत त्यांची वसती झाली. या गावांना पुढे शेवा केहिलोथ, म्हणजे सात केहिला, असे नाव पडले. राजाने हाकलले आणि राजाच्याच सरदाराने ठेवून घेतले, असा हा प्रकार होता. सरदाराला कर हवा होता, व्यापार हवा होता. त्याने सनद दिली आणि तिची किंमत घेतली.

परंतु लिओपोल्डला यहुद्यांवाचून चालेना. तुर्कांशी युद्ध जवळ येत होते आणि खजिना रिकामा होता. पेशवाईतील मोहिमा सावकारांच्या कर्जावर कशा चालत, हे आपणांस ठाऊक आहे. फौजेला धान्य, घोड्यांना चंदी, तोफांना दारू, नदीतून माल नेण्यास नावा, हे सर्व आधी उभे करावे लागते आणि कराचा पैसा मागाहून येतो. मधल्या काळात कोणीतरी आपली पत पणाला लावावी लागते. हे काम हायडेलबर्गच्या साम्युएल ओपनहायमर याने केले. १६३० मध्ये जन्मलेला हा गृहस्थ प्रथम जर्मनीतील पॅलॅटिनेटच्या राजाची सरबराई करीत असे. हद्दपारीला काही वर्षे होतात न होतात तोच त्याला सम्राटाच्या सैन्याला रसद पुरवण्याचे काम मिळाले आणि व्हिएन्नात राहण्याची परवानगीही मिळाली. ही परवानगी यहुदी समाजाला नव्हती. ती त्याला, त्याच्या कुटुंबाला आणि त्याच्या नोकरचाकरांना होती. त्यामुळे व्हिएन्नात राहू इच्छिणारा प्रत्येक यहुदी कागदोपत्री त्याच्या घरचा माणूस होऊ लागला.

१६८३ मध्ये तुर्कांनी व्हिएन्नाला वेढा घातला. तो उठल्यानंतर हाब्सबुर्ग सैन्याने हंगेरीत मुसंडी मारली. फ्रांकफुर्ट, हॅम्बुर्ग, ॲमस्टरडॅम येथील सावकारांच्या जाळ्यातून ओपनहायमर कर्ज उभारी, माल खरेदी करी आणि डॅन्यूब नदीने आघाडीवर पोचवी. जर्मन संस्थानांच्या फौजाही या मोहिमेत सामील होत्या. १६८६ च्या उन्हाळ्यात बुड्याला वेढा पडला आणि २ सप्टेंबर रोजी शहर पडले. ख्रिस्ती युरोपात घंटा वाजल्या. हंगेरीची जुनी राजधानी १४५ वर्षांनी तुर्कांकडून परत आली होती.

बंधुभगिनींनो, येथे या कथेचे अवघड वळण आहे. बुड्यात तुर्कांच्या राज्यात एक नांदता यहुदी समाज होता. त्याचे रब्बी, पाठशाळा, सिनेगॉग होते. सुलतानाच्या राज्यात त्यांना तुलनेने शांततेने राहता येत असे, म्हणून वेढ्याच्या काळात ते तुर्कांच्या बाजूने शहराच्या रक्षणास उभे राहिले. शहर पडले तेव्हा विजयी सैनिकांनी शेकडो यहुद्यांची कत्तल केली आणि उरलेल्यांना कैद केले. इत्झ्हाक शुलहोफ नावाच्या विद्वानाने आपली पत्नी आणि मुलगा या प्रसंगात गमावले. स्वतः तो बंदी झाला आणि पुढे हिब्रू भाषेत त्याने ही हकीकत लिहून ठेवली. त्याच शहरातील तरुण पंडित झ्वी अश्केनाझी याची पत्नी आणि लहान मुलगी तोफेच्या गोळ्याने ठार झाल्या. तो साराजेव्होकडे निसटला. त्याचे आईवडील ब्रान्डेनबुर्गच्या सैनिकांच्या हाती सापडले.

तो गोळा कोणाच्या दारूने उडाला, हे कोणी सांगू शकत नाही. पण त्या मोहिमेची दारू आणि धान्य पुरवणाऱ्यांत हायडेलबर्गचा एक यहुदी प्रमुख होता, हे नाकारता येत नाही. तटाच्या आत यहुदी, आणि तटाबाहेरच्या फौजेचा कोठीवालाही यहुदी. दोघेही आपापल्या राजाशी प्रामाणिक होते. दोघांनाही राजाने आश्रय दिला होता आणि दोघांनीही त्या आश्रयाची किंमत मोजली. यात ओपनहायमरला दोष द्यावा असे मला वाटत नाही. व्हिएन्नाचे दार आपल्या लोकांसाठी किलकिले ठेवण्याचा त्याच्यापाशी दुसरा मार्ग नव्हता. मात्र आश्रयावर जगणाऱ्याला आपण कोणत्या बाजूस उभे राहावे हे स्वतः ठरवता येत नाही, हे या घटनेतून दिसते.

आणि तरीही या कथेत उजेड आहे. पिदयोन शेवुयिम, म्हणजे बंदिवानांची सोडवणूक, ही आपल्या धर्मातील थोर मित्स्वा. बुड्याचे बंदी युरोपभर विखुरले, तेव्हा निरनिराळ्या देशांतील यहुद्यांनी वर्गणी काढून त्यांना सोडवले. झ्वी अश्केनाझीच्या आईवडिलांना बर्लिनला नेण्यात आले आणि तेथील यहुद्यांनी खंडणी भरून त्यांची सुटका केली. ज्या बर्लिनच्या केहिलाचा पाया पंधरा वर्षांपूर्वी व्हिएन्नाच्या निर्वासितांनी घातला होता, तिनेच बुड्याच्या निर्वासितांना हात दिला. पुढे झ्वी अश्केनाझीही बर्लिनला आला, नंतर हॅम्बुर्गजवळच्या आल्टोना येथे आणि ॲमस्टरडॅममध्ये रब्बी झाला. हाखाम झ्वी म्हणून तो यहुदी जगतात प्रसिद्ध आहे. त्याचा मुलगा याकोब एम्डेन हाही मोठा पंडित झाला.

विजयानंतर हंगेरीचे काय झाले? १६८७ मध्ये प्रेसबुर्ग, म्हणजे आजचे ब्रातिस्लाव्हा, येथे भरलेल्या सभेत हंगेरीच्या सरदारांनी राजा निवडण्याचा आपला हक्क सोडला आणि हाब्सबुर्गांची वंशपरंपरा मान्य केली. अन्यायी राजाविरुद्ध शस्त्र उचलण्याचा त्यांचा जुना सनदी हक्कही तेव्हाच गेला. म्हणजे हंगेरियनांनाही मुक्ततेची किंमत मोजावी लागली. त्या असंतोषातून १७०३ मध्ये फेरेंत्स राकोत्सी याचे बंड उभे राहिले आणि ते १७११ पर्यंत चालले. या बंडाच्या धुमाळीत आयझेनश्टाटच्या यहुदी वस्तीचेही नुकसान झाले. राजाचे शत्रू यहुद्यांना राजाचे माणूस समजत, आणि राजा त्यांना आपला खजिना समजे.

ओपनहायमरचा शेवट याच काळातला. १६९७ मध्ये एका खोट्या आरोपावरून त्याला अटक झाली आणि पैसे भरून तो सुटला. १७०० मध्ये जमावाने व्हिएन्नातील त्याचे घर लुटले. १७०३ मध्ये तो मरण पावला. तेव्हा राज्याकडे त्याची प्रचंड थकबाकी होती. वारसांनी ती मागताच सरकारने हिशेब उलटा मांडला : आम्हीच तुमचे घेणेकरी आहोत, असे सांगून त्याच्या पेढीचे दिवाळे जाहीर केले. त्या धक्क्याने साम्राज्याचा स्वतःचा पतपुरवठाही कोसळला. वारस कित्येक वर्षे दाद मागत राहिले. ज्याच्या रसदीवर हंगेरी जिंकली गेली, त्याच्या मुलांना स्वतःच्या पैशासाठी दारोदार फिरावे लागले.

त्याच्या जागी आला तो शिमशोन वेर्टहायमर. हा वर्म्सचा. १६५८ मध्ये तेथे जन्मला, तेथे आणि फ्रांकफुर्टला शिकला आणि १६८४ मध्ये ओपनहायमरचा सहकारी म्हणून व्हिएन्नात आला. तो सावकार होता आणि विद्वान रब्बीही होता. सम्राटाने त्याला हंगेरीतील यहुद्यांचा मुख्य रब्बी म्हणून मान्यता दिली. आपली पत त्याने समाजासाठी कशी वापरली, याची दोन उदाहरणे पुरेत. १७०० मध्ये फ्रांकफुर्टला आयझेनमेंगर नावाच्या लेखकाने यहुदी धर्माविरुद्ध विषारी आरोपांनी भरलेला मोठा ग्रंथ छापला. ओपनहायमर व वेर्टहायमर यांनी सम्राटापुढे दाद मागून त्याच्या प्रती जप्त करविल्या. तथापि १७११ मध्ये प्रशियाच्या राजाच्या साहाय्याने तो पुन्हा छापला गेलाच. एका राजाची बंदी दुसऱ्या राजावर चालली नाही. दुसरे उदाहरण अधिक टिकाऊ आहे. फ्रांकफुर्टला तालमूदची नवी आवृत्ती छापली गेली, तिच्या खर्चाचा भार वेर्टहायमरने उचलला. आयझेनश्टाटची वस्ती पुन्हा उभी करण्यासही त्याने साहाय्य केले. तेथील त्याच्या घरातले छोटे सिनेगॉग १९३८ च्या विध्वंसातूनही वाचले आणि आज त्या घरात यहुदी संग्रहालय आहे.

पुढच्या पिढ्यांत हंगेरीत यहुदी वस्ती झपाट्याने वाढली. त्याचे एक कारण पुन्हा राजाज्ञाच होते. १७२६ मध्ये सम्राट चार्ल्स सहावा याने मोराव्हिया प्रांतात यहुदी कुटुंबांची संख्या ५,१०६ वर गोठवली आणि घरटी एकाच मुलाला विवाहाची परवानगी ठेवली. इतर मुले संसार मांडण्यासाठी हंगेरीत गेली. १७३५ च्या नोंदणीत हंगेरीत सुमारे ११,६०० यहुदी होते; १७८७ पर्यंत ही संख्या ८०,००० च्या वर गेली. चार्ल्सची कन्या मारिया थेरेझा हिने १७४४ च्या अखेरीस प्राग शहरातून यहुद्यांना घालवले. त्याच दशकात हंगेरीच्या यहुद्यांवर तिने ‘सहन करण्याचा कर’ बसवला. म्हणजे, आम्ही तुम्हांला राहू देतो, त्याचे पैसे द्या. यहुदी त्याला मल्के-गेल्ट म्हणत. मल्का म्हणजे राणी, हे आपल्यातील कोणत्याही मल्काबाईंना सांगावयास नको. १७४९ मध्ये वर्षाला २०,००० गुल्डेन असलेला हा कर १८१३ पर्यंत १,६०,००० वर गेला.

तिचा मुलगा जोसेफ दुसरा हा सुधारक. १७८३ च्या आदेशाने त्याने हंगेरीच्या राजनगरांची दारे यहुद्यांना उघडली, शाळा काढण्यास सांगितले, उद्योगधंद्यांना मोकळीक दिली. त्याबरोबर हिब्रू कागदपत्रांची कायदेशीर मान्यता काढून घेतली आणि १७८७ मध्ये सर्वांनी जर्मन आडनावे घ्यावीत अशी सक्ती केली. हंगेरियनांवरही त्याने जर्मन ही सरकारी भाषा लादली आणि त्यांचा पवित्र मुकुट व्हिएन्नाला नेऊन ठेवला. १७९० मध्ये मृत्युशय्येवर त्याने हंगेरीतील आपले बहुतेक आदेश मागे घेतले. राजाच्या एका सहीने मिळालेले, राजाच्या दुसऱ्या सहीने डळमळले. कायद्याने समान नागरिकत्व मिळावयास हंगेरीत १८६७ साल आणि संपूर्ण जर्मन साम्राज्यात १८७१ साल उजाडावे लागले.

या साऱ्याकडे मी कोकणच्या नजरेने पाहतो. ज्या दशकांत ओपनहायमर सम्राटाची फौज पोसत होता, त्याच दशकांत आपले पूर्वज अलिबाग, पेण, रोह्याच्या परिसरात तेल गाळीत होते आणि शनिवारी घाणा बंद ठेवीत होते. शनिवार तेली हे नाव काही सन्मानाचे नव्हते. गावगाड्यातील ते स्थान उंचही नव्हते. परंतु ते कोणा राजाने सहीनिशी दिलेले नव्हते, म्हणून कोणा राजाला ते सहीनिशी काढून घेता येत नव्हते. आंग्र्यांच्या आरमारात आणि पुढे कंपनीच्या पलटणीत आपली माणसे चाकरीला गेली ती शिपाई म्हणून, खजिन्याचे दास म्हणून नव्हे. १७९६ मध्ये साम्युएल इझकेल दिवेकर यांनी मुंबईत पहिले सिनेगॉग बांधले, तेव्हा हंगेरीचे यहुदी राहण्यासाठी कर भरत होते. आपले भाग्य किती वेगळे होते, हे या दोन चित्रांवरून ध्यानात यावे.

पिर्के आवोथमध्ये राज्यकर्त्यांविषयी दोन उपदेश आहेत. एक सांगतो की राज्याच्या कल्याणासाठी प्रार्थना करावी. दुसरा सांगतो की सत्ताधाऱ्यांशी सावधपणे वागावे, कारण ते गरजेपुरते जवळ येतात. ओपनहायमरच्या चरित्रात हे दोन्ही उपदेश शब्दशः खरे ठरले. आपणही दर शब्बाथला देशाच्या राज्यकर्त्यांसाठी तेफिला करतो, आणि ती मनापासून करावी. पण आज आपण ती प्रजा म्हणून नव्हे, नागरिक म्हणून करतो. २६ जानेवारी १९५० पासून आपले या देशातील स्थान घटनेने दिलेले आहे. २०१६ मध्ये महाराष्ट्र शासनाने यहुद्यांना अल्पसंख्याकांचा दर्जा दिला, तोही कोणा एका धनिकाच्या वजनामुळे मिळालेला नाही; कायद्याच्या चौकटीत, समाज म्हणून मिळाला आहे.

आपली मुले आता जर्मनीत, कॅनडात, ऑस्ट्रेलियात शिकावयास आणि नोकरीस जातात. तेथे त्यांच्या कौशल्याची गरज आहे, म्हणून त्यांचे स्वागत होते. हे चांगलेच आहे. वडीलधाऱ्यांनी त्यांना एवढे सांगावे, की गरजेपोटी झालेल्या स्वागतावर समाधान मानू नका. ज्या देशात राहाल तेथील कायदा वाचा, नागरिकत्वाचे हक्क समजून घ्या, तेथील केहिलाचे सभासद व्हा आणि वर्गणी वेळेवर द्या. हंगेरीच्या त्या दीड-दोनशे वर्षांत राजाची कृपा अनेकदा बदलली. बर्लिनच्या यहुद्यांनी बुड्याच्या बंदिवानांसाठी जमवलेली वर्गणी मात्र नेमकी हवी तेव्हा हजर होती.

शालोम.